काल तर उडत होतं!

रात्री सव्वाअकराला पुतण्याचा फोन आला. “काका, विमान बिघडलंय.” फोन स्पीकरवर होता. बायकोने चमकून माझ्याकडे पाहिलं आणि प्रकार लक्षात आल्यावर पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

विमान होतं बोईंग ७३७-८००. आठच दिवसांपूर्वी पैसे मोजून डाउनलोड केलेलं, आणि त्या क्षणी लोहगाव विमानतळावर, म्हणजे चिंचवडमधल्या पुतण्याच्या टेबलावर, उभं. बॅटरी चालू होती, दिवे लागले होते. पण वैमानिकासमोरच्या मोठ्या स्क्रीनवर ना क्षितिज, ना नकाशा. एकदा सगळं काढून पुन्हा टाकून झालं होतं आणि आता स्वारी दुसऱ्यांदा काढायच्या बेतात होती. मी विचारलं, “छतावरच्या पॅनेलवर, अगदी मागे, आयआरएसच्या दोन कळा आहेत. त्या कुठे फिरवल्यायस?” पलीकडे शांतता. मग, “ऑफवर आहेत.”

विमान कुठे आहे, किती झुकलंय, कुठल्या दिशेला तोंड करून उभं आहे, हे ७३७ ला ही आयआरएस यंत्रणा सांगते. तिच्यातले लेझर जायरो पृथ्वीचं फिरणं ओळखून त्यावरून उत्तर दिशा शोधून काढतात. त्यासाठी विमान जागचं हलता कामा नये, आपण उभे आहोत ते ठिकाण वैमानिकाने कॉम्प्युटरला टाइप करून द्यावं लागतं, आणि मग साधारण १० मिनिटं वाट पाहावी लागते. खऱ्या विमानातही हेच. घरच्या सिम्युलेटरसाठी विमान बनवणाऱ्यांनी ते इमानेइतबारे उतरवलेलं असतं. म्हणजे पुतण्याचं विमान बिघडलं नव्हतं, हुबेहूब वागत होतं.

या छंदातल्या बिघाडांबद्दल बोलायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. सेस्ना १७२ धावपट्टीवर वेग घेताना डावीकडे ओढ घेतं, आणि नवशिका जॉयस्टिकला शिव्या देतो. पण वैमानिकाच्या जागेवरून पाहिलं तर त्या विमानाचा पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्याचा उलटा पीळ विमानाला बसतो, शिवाय त्याने मागे फेकलेली वळसेदार हवा शेपटीच्या उभ्या पात्यावर डाव्या बाजूने आदळते, आणि नाक डावीकडे वळतं. उजवा पाय दाबणं हा त्यावरचा उपाय. तो सेटिंगमध्ये सापडत नाही. माझी पद्धत अशी की तक्रार आली की आधी सिम्युलेटरसोबत आलेलं साधं विमान त्याच विमानतळावर, त्याच हवामानात उडवून पाहायचं. ते नीट उडालं तर संशय विकत घेतलेल्या विमानावर, किंवा आपल्यावर. तेही अडखळलं तर मग सिम्युलेटर, विंडोज नाहीतर हातातलं यंत्र. पाच मिनिटांचं काम आहे, पण लोक ते करत नाहीत. थेट ‘अनइन्स्टॉल’वर जातात. सगळं पुसून नव्याने टाकणं हा माझ्या मते सर्वांत वाईट उपाय. दिवस जातो, जुन्या फायलींचे अवशेष मागे राहतातच, आणि चालू झालंच तरी कशामुळे झालं हे कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा दिवस जातो.

मायक्रोसॉफ्टने १९८२ साली आयबीएम पीसीसाठी फ्लाइट सिम्युलेटर आणला. तो मुळात ब्रूस आर्टविक यांच्या सबलॉजिक कंपनीचा. त्याच दशकात सबलॉजिक वेगवेगळ्या प्रदेशांच्या ‘सीनरी डिस्क’ वेगळ्या विकू लागली. मूळ प्रोग्रॅम घ्या आणि त्यात हवी ती भर घाला, ही रीत तेव्हापासूनची. आज एखाद्या शौकिनाच्या सिममध्ये विमान एका कंपनीचं, विमानतळ दुसरीचा, हवामान तिसरीचं, नकाशे चौथीचे आणि विमानावरचा रंग कुणा हौशी माणसाने फुकट रंगवून दिलेला असतो. या सगळ्यांची एकमेकांशी कधी गाठ पडलेली नसते. त्यामुळे प्रत्येक वस्तू सुटी सुटी तपासली तर निर्दोष निघते. गळती असते ती सांध्यात.

ऑक्टोबर २००६ मध्ये आलेला फ्लाइट सिम्युलेटर एक्स, म्हणजे एफएसएक्स, हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. ती एकाच खोलीत सगळी बिऱ्हाडं कोंबलेली चाळ होती. प्रोग्रॅम ३२-बिट असल्यामुळे ६४-बिट विंडोजवरसुद्धा त्याच्या वाट्याला मेमरीचे जास्तीत जास्त ४ जीबी पत्ते यायचे. विमान, शहरं, ढग, इतर विमानांची वर्दळ, सगळ्यांनी त्यातच दाटीवाटीने राहायचं. कॉम्प्युटरमध्ये १६ जीबी रॅम बसवा की ३२, खोली तेवढीच. मग व्हायचं असं की विमान सात-आठ तास समुद्रावरून सुरळीत उडायचं आणि उतरायला दहा मिनिटं उरली असताना मेमरी संपल्याची पाटी दाखवून सगळं बंद पडायचं. कारण नेमका तेव्हाच गंतव्याचा तपशीलवार विमानतळ, झाडं-इमारतींसकट, मेमरीत यायला लागायचा. विमानवाला म्हणायचा विमानतळ जड आहे, विमानतळवाला म्हणायचा विमान खादाड आहे. दोघंही खरं बोलत. उपाय म्हणजे कुणाला तरी आवराआवर करायला लावणं: ढगांच्या चित्रांचा आकार कमी करायचा, दूरचं तपशीलवार दिसण्याचा पल्ला कमी करायचा, वाटेतले न लागणारे विमानतळ बंद ठेवायचे.

२०१७ मध्ये लॉकहीड मार्टिनच्या ‘प्रीपेअर्ड’ या सिमची चौथी आवृत्ती ६४-बिट झाली आणि ही कोंडी फुटली. पण त्याच दिवशी ३२-बिटसाठी लिहिलेली जुनी जोड-सॉफ्टवेअरं तिथे निरुपयोगी झाली. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरने आणखी एक केलं. विमानाच्या आतल्या यंत्रणांचा कोड वेबअसेम्ब्ली नावाच्या बंदिस्त पद्धतीने चालवायला सुरुवात केली, म्हणजे बिऱ्हाडांना स्वतःची कुलपाची खोली दिली. एकाच्या भांडणाने चाळ कोसळायचं प्रमाण त्यामुळे घटलं, थांबलं मात्र नाही. हा कोड सिम पहिल्यांदा तुमच्या कॉम्प्युटरसाठी भाषांतरित करून साठवून ठेवतो. एखादं अपडेट आल्यानंतर विमानाच्या स्क्रीन अचानक काळ्या पडल्या तर पुष्कळदा हे साठवलेलं जुनं भाषांतर पुसलं की काम होतं. सिम नवं तयार करतो आणि पहिल्यांदा उघडायला थोडा जास्त वेळ घेतो.

सांध्यातल्या बिघाडाचा माझा आवडता नमुना देवनहळ्ळीचा. एफएसएक्स आला तेव्हा बंगळूरची प्रवासी विमानं एचएएलच्या जुन्या विमानतळावर उतरत होती, आणि सिममध्येही तोच होता. मे २००८ मध्ये देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये हैदराबादची वाहतूक बेगमपेटहून शमशाबादला गेली होती. सिममधलं जग मात्र २००६ मध्येच गोठलेलं. आता चांगल्या जोडविमानाच्या कॉम्प्युटरमध्ये स्वतःची वेगळी माहिती असते. धावपट्ट्या, मार्गबिंदू, रेडिओ केंद्रं यांची ही माहिती जगभर दर २८ दिवसांनी नव्याने प्रसिद्ध होते आणि हौशी लोक तिची वर्गणी भरतात. तर मी अशी ताजी माहिती भरली, मुंबईहून निघालो, आणि विमानाने मला अचूक देवनहळ्ळीला नेलं. नकाशावर धावपट्टी दिसत होती. खाली बघतो तर माळरान. धावपट्टीकडे नेणारा आयएलएसचा रेडिओ सिग्नलही लागेना, कारण तो सिग्नल विमानाच्या माहितीतून येत नाही, सिमच्या जगातून येतो, आणि त्या जगात तो बसवलेलाच नव्हता. विमान आपल्या जागी बरोबर, सिम आपल्या जागी बरोबर, फक्त दोघांची कॅलेंडरं वेगळी. देवनहळ्ळीची स्वतंत्र सीनरी टाकल्यावर धावपट्टी आली. जुन्या सिमवर मोपाला उतरायचं म्हणणाऱ्याचीही हीच गत होणार. गोव्याच्या त्या विमानतळावरून वाहतूक सुरू झाली जानेवारी २०२३ मध्ये.

“काल तर उडत होतं!” हे वाक्य ऐकलं की मला बरं वाटतं. अर्धं काम झालेलं असतं. काल आणि आज यांच्यामध्ये काहीतरी बदललंय, ते शोधायचं. अडचण एवढीच की माणूस शपथेवर सांगतो, मी कशालाही हात लावला नाही. त्याने लावलेला नसतोच. रात्री विंडोजने स्वतःला अपडेट केलेलं असतं, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बदललेला असतो, अँटिव्हायरसने एखादी अनोळखी डीएलएल फाइल गुपचूप उचलून कोंडून ठेवलेली असते. हे शेवटचं फार होतं, कारण लहान निर्मात्यांच्या फायलींवर ओळखीच्या सहीचा शिक्का नसतो. काही विमानांच्या यंत्रणा तर सिमच्या बाहेर वेगळा प्रोग्रॅम म्हणून चालतात. फेनिक्स कंपनीचं ए३२० तसं आहे. अशा विमानाच्या बाबतीत तो बाहेरचा प्रोग्रॅम अडवला गेला तर कॉकपिट दिसतं झकास, पण आत जीव नसतो.

आणि सिमची स्वतःची अपडेटं असतातच. २७ जुलै २०२१ ला मायक्रोसॉफ्टचा सिम एक्सबॉक्सवर आला, त्याच दिवशी पीसीसाठी पाचवं मोठं अपडेट निघालं. मेमरीचा वापर एकदम खाली आला, सिम हलका झाला, आणि त्याच वेळी कितीतरी जोडविमानांचे सांधे निखळले. निर्मात्यांना दुरुस्त्या काढाव्या लागल्या. अशा दिवशी आपण सेटिंगशी झटापट करण्यात अर्थ नसतो. मी साधी वही ठेवतो. काय टाकलं, कधी टाकलं, कुठली आवृत्ती. चार ओळी. या वहीने माझे जेवढे तास वाचवलेत तेवढे कुठल्याही महागड्या कार्डाने वाचवलेले नाहीत.

वही नसेल तर अर्ध्या-अर्ध्याचा खेळ. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये बाहेरून आणलेली जोडणी ‘कम्युनिटी’ नावाच्या एका फोल्डरमध्ये राहते. त्या फोल्डरचं नाव बदलायचं, रिकामा नवा करायचा आणि सिम चालवून पाहायचा. चालला तर गुन्हेगार जुन्या फोल्डरात आहे हे नक्की. मग त्यातल्या निम्म्या वस्तू परत आणायच्या. बिघाड आला तर त्या निम्म्यात, नाही आला तर उरलेल्यात. पुन्हा निम्म्या. ४० वस्तू असल्या तरी जास्तीत जास्त सहा फेऱ्यांत एकीवर बोट ठेवता येतं. एकेक करून तपासाल तर रविवार संपेल.

हा खेळ एकदा माझ्यावर उलटला. सिम उघडताना अर्ध्यावर येऊन बंद पडत होता. पहिला निम्मा गठ्ठा टाकला, सिम चालला. तो काढून दुसरा निम्मा टाकला, तरीही चालला. सगळं एकत्र टाकलं की मात्र पडायचा. तासभर मी स्वतःच्याच गणितावर संशय घेत बसलो. मग लक्षात आलं की गुन्हेगार एकटा नसून जोडी आहे: एकाच विमानतळाच्या दोन सीनरी, एक विकतची, एक फुकटची, वाटणीत वेगवेगळ्या गठ्ठ्यांत गेलेल्या. एकटी असताना दोघीही सज्जन. अशा वेळी एक गठ्ठा तसाच ठेवायचा आणि दुसऱ्यातल्या वस्तू त्याच्यात निम्म्या-निम्म्याने मिसळत जायच्या.

सिम कोसळतो तेव्हा मागे पंचनामाही ठेवतो, फक्त तो वाचायची सवय नसते. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिममध्ये ही सोय उत्तम आहे. त्याच्या मुख्य फोल्डरात ‘लॉग’ नावाची मजकुराची फाइल असते आणि एखाद्या प्लगइनमुळे कोसळला असेल तर शेवटी त्या प्लगइनचं नाव घेऊन तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. मात्र सिम पुन्हा उघडला की ही फाइल नव्याने लिहिली जाते, तेव्हा आधी तिची प्रत काढावी. घाईघाईने सिम परत चालू करणारे पुरावा स्वतःच पुसून टाकतात. विंडोजवर इतर सिमसाठी ‘इव्हेंट व्ह्यूअर’ असतो. त्यात कोसळलेल्या प्रोग्रॅमचं नाव, ज्या फाइलमध्ये चूक झाली तिचं नाव आणि एक सांकेतिक आकडा मिळतो. ‘सी’, मग सहा शून्यं आणि शेवटी पाच, असा आकडा दिसला तर कुणीतरी मेमरीतल्या परक्या जागेत हात घातला, एवढा त्याचा अर्थ. फाइलच्या नावावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. तिथे विंडोजच्या स्वतःच्या ‘एनटीडीएलएल’चं नाव वारंवार दिसतं आणि लोक विंडोज नव्याने टाकायला निघतात. अपघात ज्या चौकात झाला त्या चौकाचं नाव पंचनाम्यात असतं. गाडी कोण चालवत होतं ते वेगळं शोधावं लागतं.

जानेवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एफएसएक्स बनवणारा आपला एसेस स्टुडिओ बंद केला, आणि प्रोग्रॅम पोरका झाला. पुढे विंडोज बदलत गेली, पण एफएसएक्सला दुरुस्ती करून देणारं मायक्रोसॉफ्टमध्ये कुणी उरलं नाही. मग वापरणाऱ्यांनीच आजीबाईचा बटवा तयार केला. विंडोज ७ वर मेनू पुन्हा पुन्हा उघडला की सिम कोसळायचा. त्यावरचा तोडगा असा की ‘यूआयऑटोमेशनकोर’ या डीएलएलची विंडोज व्हिस्टाच्या काळातली जुनी प्रत आणून एफएसएक्सच्या फोल्डरात ठेवायची. ऐकायला जादूटोणा वाटतो, पण कारण साधं आहे: प्रोग्रॅम अशी फाइल आधी स्वतःच्या घरात शोधतो, नंतर विंडोजच्या. इमारतींवरची चित्रं गायब होऊ लागली तर सेटिंगच्या फाइलमध्ये ‘हायमेमफिक्स’ची एक ओळ लिहायची, हाही बटव्यातलाच एक उपाय, आणि खरा गुणकारी. पण त्याच बटव्यात निरुपयोगी काढेही पुष्कळ होते. कुणाचं तरी पाहून पन्नास ओळी चिकटवायच्या, सिम धापा टाकू लागला की आणखी पाच. अशांना मी एकच सांगायचो, ती सेटिंगची फाइल बाजूला काढून ठेव. सिम उघडताना नवी कोरी फाइल स्वतः बनवतो, आणि निम्म्या वेळा आजार तिथेच बरा होतो.

इन्स्टॉल करतानाच्या चुका मात्र पंचवीस वर्षांत फारशा बदललेल्या नाहीत. झिप उघडली की फोल्डरच्या पोटात त्याच नावाचा फोल्डर तयार होतो, माणूस बाहेरचा उचलून ‘कम्युनिटी’त टाकतो, आणि सिमला विमान दिसत नाही, कारण तो पोटातल्या पोटात शोधत बसत नाही. विमानाला नवा रंग दिला, म्हणजे लिव्हरी टाकली, आणि ती यादीत आली नाही, तर ‘लेआउट’ नावाची फाइल पाहावी. पॅकेजमधल्या प्रत्येक फाइलची नोंद तिच्यात लागते; रेशनकार्डावर नाव नाही त्याला धान्य नाही. एफएसएक्समध्ये लिव्हरींना शून्यापासून ओळीने क्रमांक द्यावे लागत. तीननंतर चुकून पाच लिहिला की पाच आणि पुढचे सगळे रंग नाहीसे.

राहता राहिलं हार्डवेअर. सिमला नवी जॉयस्टिक किंवा पेडल जोडली की तो आपणहून त्यांना कामं वाटून टाकतो. मग एकच रडर जॉयस्टिकचा पीळही हलवतो आणि पेडलही, आणि विमान दोन माहुतांच्या हत्तीसारखं चालतं. उड्डाण चालू असताना जॉयस्टिक मधेच मेली तर विंडोजने वीज वाचवायला यूएसबीचं ते भोक झोपवलं नाही ना, हे पाहावं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या परवानगीची खूण काढता येते. आणि स्वस्त जॉयस्टिकमधल्या फिरत्या रोधकावर धूळ बसली की हात न लावताही आकडे थरथरत राहतात.

ही धूळ पुतण्याच्या पुढच्या फोनमागे होती. आयआरएस जुळली, विमान लोहगावहून निघालं, दाबोळीला उतरलं आणि धावपट्टी ओलांडून गवतात गेलं. “काका, रिव्हर्स लागतच नाही. हा तर नक्की विमानाचा दोष.” इंजिनाचा जोर उलटा वळवायचा तर थ्रॉटल पूर्ण मागे, आयडलवर असावं लागतं, तोपर्यंत रिव्हर्सची दांडी ७३७ मध्ये उचलताच येत नाही. त्याचं थ्रॉटल टेबलावर पूर्ण मागे ओढलेलं होतं. मी त्याला सिममधला आकडा वाचायला सांगितला. दोन टक्के, एक, तीन, पुन्हा दोन. मागच्या टोकाला पाच टक्क्यांची मृत जागा ठेवायला सांगून मी झोपलो. सकाळी मेसेज आलेला होता: रिव्हर्स लागलं, थांबलं. खाली फोटो. विमान दाबोळीच्या धावपट्टीवर उभं, फ्लॅप खाली, ब्रेक लावलेले, आणि चाकं वर.